पाठीमागचा कागद

गणपती बसायला आठ दिवस होते. आमच्या भागातल्या मंडळाचा एक कार्यकर्ता दारात आला, हातात मीच भरून दिलेला पोलो टी-शर्ट. "ताई, एवढं वाचून दाखवा," म्हणाला. मी वाचलं. डाव्या छातीवर केशरी धाग्यात मंडळाचं नाव होतं आणि नावाचा शेवटचा शब्द होता 'मडळ'.

'म'वरचं टिंब गेलं होतं. नीट पाहिलं तर गेलं नव्हतं, टी-शर्टाच्या खडबडीत विणीतल्या एका खड्ड्यात बुडालं होतं. शिरोरेघ शेवटच्या 'ळ'ला ओलांडून दोन मिलिमीटर पुढे गेली होती, कुंपणावरून आलेल्या फांदीसारखी. पहिल्याच धुण्यात नावाभोवतीचं कापड गोळा होऊन चुण्या पडल्या होत्या. "पोरं विचारतात, मडकं लिहायचं होतं का?" तो हसत म्हणाला, पण त्याच्या पिशवीत असे आणखी एकोणचाळीस टी-शर्ट होते.

संगणकात नाव बरोबर होतं. धागा चांगला होता, मशीन ठणठणीत होतं. चूक होती ती उलट्या बाजूला. तिथे मी घरात उरलेला फाडायचा कागद लावला होता, तोही एकच पदर. गिऱ्हाइकाला जे कधी दिसत नाही आणि बिलात ज्याची वेगळी ओळ नसते, त्यात मी चार पैसे वाचवायला गेले होते. ते वाचलेले पैसे चाळीस नवे टी-शर्ट घेऊन फेडले. या लेखाची सुरुवात त्या खर्चातून झाली. नंतरचे काही महिने मी दुकानदार, कारखानदार आणि ऑपरेटर यांना एकच प्रश्न विचारत फिरले: मशीनच्या भरतकामात नेमकं बिघडतं कुठे?

टाका ओढतो

हाताच्या भरतकामात कापड ओढलं जातंय हे बोटांना कळतं आणि बोटं धागा सैल सोडतात. मशीनला बोटं नाहीत. वरचा धागा आणि बॉबिनचा धागा कापडाच्या जाडीत एकमेकांना अडकवून ते पुढे जातं. घरगुती मशीन मिनिटाला चारशे ते आठशे टाके घालतं, कारखान्यातलं हजारापर्यंत जातं. प्रत्येक टाका आपल्या दोन टोकांमधलं कापड केसभर आत ओढतो. एका टाक्याचं काही वाटत नाही, पण छातीवरच्या साध्या बोधचिन्हातही पाच-दहा हजार टाके सहज असतात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे. मी तो जुन्या बनियनच्या कापडावर केला. संगणकात सहा सेंटिमीटरचं बिनचूक वर्तुळ काढलं, आडव्या टाक्यांनी भरायला लावलं आणि मागे काहीच न लावता मशीन चालू केलं. बाहेर आलं ते उभं अंडं. टाके ज्या दिशेने जातात त्या दिशेने आकार आखडतो आणि काटकोनातल्या दिशेने थोडा फुगतो. तेच वर्तुळ मागे जाड, न ताणणारा कागद लावून भरलं, तेव्हा बांगडी ठेवून पाहिली तरी फरक कळेना.

देवनागरीला या ओढीचा फटका जास्त बसतो. रोमन लिपीत अक्षरं सुटी उभी असतात, एक थोडं सरकलं तरी शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. आपल्याकडे सगळा शब्द एका रेघेला टांगलेला. अक्षरं आधी भरली जातात आणि प्रत्येक अक्षर कापड थोडं आत घेतं. शेवटी शिरोरेघेची पाळी येते तेव्हा शब्द आखूड झालेला असतो, रेघ मात्र संगणकातल्या मूळ मापाचीच येते. म्हणून ती बाहेर डोकावते, नाही तर अक्षरांपासून सुटून वर तरंगते. त्यात वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. मी आता एक सेंटिमीटरपेक्षा लहान अक्षरात जोडाक्षर भरायची ऑर्डर घेत नाही. टिंबाचा तर जीवच केवढा, दहा-बारा टाके! ते कापडात बुडालं की 'मंडळा'चं मडळ होतं आणि 'चिंता'ची चिता.

काकांचे तीन प्रश्न

पुण्यात शिवणकामाचं सामान घ्यायचं तर पाय आपोआप रविवार पेठेकडे, बोहरी आळीकडे वळतात. लेस, बटणं, मणी, अस्तर, बकरम यांच्या गर्दीत एका अरुंद दुकानात नुसते पांढरे गठ्ठे दिसले. मालक साठीचे. मी फसलेला टी-शर्ट काउंटरवर ठेवला. त्यांनी सरळ बाजूकडे पाहिलंच नाही. कापड उलटं केलं, कागदाच्या फाटक्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, हा कागद नॅपकिनचा. याला टी-शर्टाखाली कोणी घातला?"

मी गप्प. त्यांनी तीन प्रश्न विचारले. कापड ताणतं का? आयुष्यात किती वेळा धुतलं जाणार? उलटी बाजू अंगाला लागते का? तेव्हापासून मी प्रत्येक ऑर्डरला हेच तीन विचारते.

बाजारात सगळ्यांना मिळून 'पेपर' म्हणतात, पण तो वहीचा कागद नव्हे. तंतू न विणता, नुसते दाबून-चिकटवून केलेलं ते कापड असतं. काकांनी चार तुकडे पुढे टाकले. पहिला कापायचा, म्हणजे कटअवे. दोन्ही हातांनी कोणत्याही दिशेला ओढला तरी हलत नाही. भरून झालं की कडेने अर्धा सेंटिमीटर सोडून कात्रीने कापायचा, बाकीचा कपड्याच्या आयुष्यभर मागेच राहतो. टी-शर्ट, स्वेटर, बनियन, लेगिंग, जे जे ताणतं त्याला हा. ताणणारं कापड प्रत्येक वेळी अंगात घालताना, धुताना, पिळताना ताणलं जातं. टाके मात्र ताणत नाहीत. दोघांच्या भांडणात मध्ये उभं राहायला कोणी तरी कायमचं लागतं.

दुसरा फाडायचा, टेअरअवे. काकांनी तो फर्रकन फाडून दाखवला. जीन, कॅनव्हासची पिशवी, टोपी, रुमाल अशा न ताणणाऱ्या, घट्ट विणीच्या कापडांना हा बरोबर, कारण ती कापडं स्वतःच बरीचशी उभी असतात. कागदाने फक्त मशीन चालू असेपर्यंत आधार द्यायचा आणि मग निघून जायचं. निघताना मात्र एक काळजी घ्यायची. टाक्यांवर अंगठा दाबून धरून हळू फाडायचा. कॅलेंडरचं पान ओढावं तसा ओढला तर कडेचे टाके कागदाबरोबर येतात.

तिसरी मेश. ही पातळ, जवळजवळ पारदर्शक, मऊ. पांढऱ्या किंवा फिक्या कपड्यामागे जाड कटअवे लावला तर बाहेरून चौकोनी सावली दिसते. तिथे मेशचे दोन पदर लावतात, एक उभा, दुसरा आडवा. झबल्या-टोपड्यांनाही हीच. वर मऊ अस्तर इस्त्रीने चिकटवलं की बाळाच्या छातीला टाके टोचत नाहीत.

चौथा कागद हातात घेताना काकांनी आधी हात पुसले. "हा पाण्यात जातो," म्हणाले. याच जातीची एक पातळ फिल्म येते, प्लॅस्टिकच्या पिशवीसारखी दिसणारी. ती मागे नाही, कापडाच्या वर पसरायची. टर्किश टॉवेलचे फासे, मखमलीचे केस, आमच्या टी-शर्टाच्या मॅटी विणीतले खड्डे या सगळ्यांवर ती साकव घालते. टाके तिच्यावर उभे राहतात आणि खाली बुडत नाहीत. काम झालं की मोठे तुकडे हाताने काढायचे आणि उरलेलं ओल्या कापसाने टिपायचं. माझं टिंब एवढ्याशा फिल्मसाठी बुडालं होतं. ही फिल्म ठेवायची मात्र बंद पिशवीत. पावसाळ्यात उघडी राहिली की ती ओलावा पिऊन चिकट होते, आणि कोरड्या हवेत पापडासारखी कडक होऊन मोडते.

कागदाइतकीच महत्त्वाची रिंग लावण्याची रीत. क्लासमध्ये शिकवलेलं असतं, कापड तबल्याच्या पुडीसारखं ताणून बसवा. सुती कापडाला ते ठीक. ताणणारं कापड असं बसवलं की ते ताणलेल्या अवस्थेत भरलं जातं, रिंग काढल्यावर मूळ मापाला परत येतं आणि टाके गोळा करतं. टी-शर्टाला कागद ताणायचा, कापड त्याच्यावर नुसतं झोपवायचं. वाटल्यास कपड्यांसाठीच्या स्प्रेने तात्पुरतं चिकटवायचं.

आमच्या आईच्या पिढीला हे कागद माहीत नव्हते. पायमशीनचे दाते खाली करून, लाकडी रिंग दोन्ही हातांनी फिरवत त्या भरायच्या आणि पातळ कापडाखाली वर्तमानपत्र किंवा बकरमाचा तुकडा घालायच्या. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या कापडाला लागायची आणि बकरम धुतला की ढिला पडायचा. तरी कापडाला खालून काही तरी हवं, हे त्यांना कोणी न सांगता कळलं होतं.

रेशीम म्हणतात, ते रेशीम नव्हे

धाग्याच्या दुकानात गेलं की बायका 'रेशीम द्या' म्हणतात. मिळतो तो बहुतेक वेळा व्हिस्कोस रेयॉन किंवा पॉलिस्टर. व्हिस्कोस लाकडाच्या लगद्यातून काढतात. कल्याणजवळ शहाडवरून जाणाऱ्या लोकलच्या प्रवाशांना सेंच्युरी रेयॉनचा कारखाना ठाऊक असतो. व्हिस्कोसचा अखंड तंतू तिथे तयार होतो. रेयॉनची चमक मऊ असते, तुपाच्या दिव्यासारखी, आणि वळणावर धागा नरम राहतो. पण ओला झाला की त्याची ताकद बरीच कमी होते आणि ब्लीचिंग पावडर त्याला सोसत नाही. पॉलिस्टरच्या तंतूचा छेद मुद्दाम तीनकोनी ठेवतात, म्हणजे प्रकाश लोलकासारखा उसळतो आणि चमक थोडी कडक येते. तो पाण्याला, घामाला, क्लोरीनला भीत नाही, भितो फक्त तापलेल्या इस्त्रीला. शाळेचा गणवेश आणि हॉस्पिटलचा कोट पॉलिस्टरने भरावा, लग्नातल्या ब्लाउजच्या बाह्या रेयॉनने. कोळशाच्या इस्त्रीवाल्याकडे जाणाऱ्या कपड्याला मात्र उलट बाजूने इस्त्री करायला सांगायचं.

जाडीचा आकडा नवख्याला हमखास फसवतो. आकडा वाढला की धागा बारीक होतो. सगळीकडे चालतो तो ४० नंबर. बारीक अक्षराला ६० लागतो. धाग्याच्या कोनवर कधी १२०/२ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ १२० डेनिअरचे दोन तंतू पिळलेले, म्हणजे साधारण ४० नंबरच. ७५/२ म्हणजे ६०. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणून तिथे आकडा वाढला की धागा जाड. एकाच कोनवर दोन उलटे हिशेब असतात. सुईचा हिशेब मात्र सरळ. ७५ नंबरची सुई म्हणजे ०.७५ मिलिमीटर जाडीची. ४० नंबरच्या धाग्याला ती बरोबर बसते, ६० नंबरच्या धाग्याला ६५ ची. टी-शर्टाला गोल टोकाची सुई घ्यायची. ती विणीचा फासा तोडत नाही, बाजूला सारते.

जरीची गोष्ट वेगळी. खऱ्या जरीत चांदीची चपटी तार रेशमावर गुंडाळून वर सोन्याचं पाणी देतात. मशीनवर चालते ती बहुतेक धातूचा मुलामा दिलेल्या पॉलिस्टर फिल्मची पट्टी, धाग्यावर गुंडाळलेली. टाक्यात बसण्याआधी धागा सुईच्या नेढ्यातून कित्येक वेळा वरखाली होतो. त्या घासण्याने पट्टी सोलून निघते आणि धागा तुटतो. जरी लावली की वेग निम्म्यावर आणायचा, मोठ्या नेढ्याची ९० ची सुई घालायची आणि कोन मशीनपासून जरा लांब ठेवायचा, म्हणजे वळ उलगडायला वाट मिळते.

रंगाची परीक्षा घरीच होते. विशेषतः लाल आणि गर्द निळा. नव्या कोनमधला हातभर धागा पांढऱ्या ओल्या रुमालात गुंडाळायचा, साबणाचं गरम पाणी घालून चोळायचा आणि तसाच वाळवायचा. रुमालावर रेघ उमटली तर तो कोन पांढऱ्या कापडाजवळ न्यायचा नाही.

आणि ताणाची परीक्षा असते मागच्या बाजूला. सॅटिनच्या, म्हणजे शेजारी-शेजारी घातलेल्या आडव्या टाक्यांच्या, पट्टीमागे मधोमध, एक तृतीयांश रुंदीत, बॉबिनचा पांढरा धागा दिसला पाहिजे. अजिबात दिसत नसेल तर वरचा धागा ढिला. सगळीकडे पांढरंच दिसत असेल तर वरचा फार कसलेला. जाणता कारागीर दुसऱ्याचं काम हातात आलं की आधी उलटं करतो, ते याचसाठी.

ज्या कापडावर भरलं, तेच नाहीसं

काकांनी हात पुसून घेतलेला तो चौथा कागद मला सुरतेला घेऊन गेला. भुसावळ-सुरत लाइनने खानदेशातली कित्येक कुटुंबं कापडाच्या धंद्यात तिकडे गेली. लिंबायत-उधन्यात अहिराणी कानावर पडल्यावर आपण महाराष्ट्राबाहेर आहोत असं वाटत नाही. ज्या कारखान्यात मी उभी होते तिथे एका लांब मशीनवर ओळीने डोकी, एकाच वेळी सगळ्यांवर तेच फूल भरलं जात होतं. पण खाली कापडच नव्हतं, नुसता पांढरा कागद. धुळ्याकडचा ऑपरेटर म्हणाला, "ही जीपीओ, ताई." मला आधी पोस्ट ऑफिस आठवलं.

मग उलगडा झाला. लेसचा एक जुना युरोपीय प्रकार आहे गिप्यूर. त्या फ्रेंच शब्दाचा आपल्या बाजारात 'जीपीओ' झाला. यात फुलं, पानं आणि त्यांना जोडणारे दोरे सगळे एकमेकांत अडकवून भरतात आणि नंतर खालचा आधार गरम पाण्यात विरघळवून टाकतात. उरते ती हवेत उभी असलेली लेस, जिच्याखाली कापड कधी नव्हतंच. इथे नक्षीचा हिशेब उलटा होतो. एक दोरा जोडायचा राहिला तर धुतल्यावर फूल सुटून हौदात पडतं. ऑपरेटरने असं सुटलेलं एक पान माझ्या तळहातावर ठेवलं. "पंचिंगवाल्याची चूक," म्हणाला, "शिक्षा मला." पंचिंगवाला म्हणजे नक्षी तयार करणारा.

ही युक्ती संगणकाहून बरीच जुनी. स्वित्झर्लंडमधलं सेंट गॅलन हे मशीन भरतकामाचं माहेरघर. १८६३ मध्ये इझाक ग्रोबलीने तिथल्या प्रदेशात नवं यंत्र बनवलं. त्यातला धोटा होडीच्या आकाराचा, म्हणून नाव 'शिफली', म्हणजे छोटी होडी. आपल्या कापडाच्या दुकानात आजही भोकाभोकांच्या भरतकामाला 'शिफली' म्हणतात, ती हीच. हकोबा म्हणूनही ते कापड मागतात, खरं तर ते एका ब्रँडचं नाव. १८८० च्या दशकात तिथे आणि जर्मनीत सॅक्सनीमध्ये रासायनिक लेस निघाली. रेशमी कापडावर सुती धाग्याने भरायचं आणि मग तीव्र क्षाराने रेशीम खाऊन टाकायचं. सूत त्याला पुरून उरतं. १९२४ मध्ये जर्मनीत पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हे पाण्यात विरघळणारं प्लॅस्टिक प्रथम तयार झालं आणि पुढे त्याचे कागद आणि फिल्म निघाल्यावर रेशीम जाळण्याची गरज संपली. माझ्या खणातली ती चुरचुरणारी फिल्म त्याच घराण्यातली.

'पंचिंग' हा शब्दही असाच मागे राहिलेला. नक्षी आज संगणकावर काढतात, पण एके काळी ती कागदी पट्टीवर भोकं पाडून मशीनला सांगावी लागे. भोकं गेली, पंचिंग राहिलं.

बिलातली नवी ओळ

धंद्याची रीत अशी की मजुरी हजार टाक्यांवर ठरते. त्यामुळे टाके वाढवायला सगळे तयार असतात आणि कागद लावायला कोणी नसतो, कारण तो खिशातून जातो. काम गोळा झालं की नवखा माणूस टाके आणखी दाट करतो. त्याने ओढ वाढते आणि आजार बळावतो. दाट सॅटिन आणि एक पदर फाडायचा कागद, या जोडीने जेवढे टी-शर्ट बिघडवले तेवढे दुसऱ्या कशानेही नसतील. ज्यांच्याकडे कामं परत येत नाहीत अशा कारखान्यांत मला एक गोष्ट समान दिसली: भिंतीवर कागदांचे तुकडे टाचलेले आणि प्रत्येकाखाली पेनाने कापडाचं नाव. खरं काम लावण्याआधी ते त्याच कापडाच्या चिंधीवर एकदा भरून, धुऊन, वाळवून पाहतात.

मंडळाचे चाळीस टी-शर्ट मी पुन्हा भरले. मागे कापायचा कागद, पुढे फिल्म, टिंबाला आणि मात्रांना ६० नंबरचा पॉलिस्टर, अक्षरांखाली आधी विरळ टाक्यांची बैठक. शिरोरेघ शेवटी एकसलग न घालता अक्षरागणिक तुकड्यांत भरली, म्हणजे ओढ वाटली गेली. आता माझ्या बिलात टाक्यांच्या खाली एक ओळ असते: 'कागद'. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी टी-शर्ट उलटा करून दाखवते.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो कार्यकर्ता पुन्हा आला. आवाज बसलेला, डोळे तांबारलेले. टी-शर्ट रात्रभरच्या पावसाने, घामाने आणि गुलालाने इतका माखला होता की मूळचा रंग सांगूनही पटला नसता. काही न बोलता त्याने छाती पुढे केली. केशरी धाग्यावर गुलाल बसला होता आणि अक्षरं शोधावी लागत होती. मी ओल्या फडक्याने 'म'चा माथा पुसला. टिंब जागेवर होतं.